सही एकाची, हात दुसऱ्याचा

किरकोळ दुरुस्ती वगळता विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, हा 1956 च्या भारतीय वीज नियमांतील 45 व्या नियमाचा दंडक पुढे 2010 आणि 2023 च्या केंद्रीय विनियमांतही कायम राहिला. तो योग्यच आहे. विजेशी खेळ नको. परंतु हा दंडक महाविद्यालयाची पदवी मागत नाही. तो मागतो सक्षमतेचा दाखला असलेला पर्यवेक्षक आणि परवानाधारक वायरमन. असे असताना वीस वर्षे तारा ओढलेला म्हापशाचा वा मडगावचा कारागीर जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली का राबतो? नियम त्याला कोणी समजावून सांगत नाही आणि सही भाड्याने देण्याचा धंदा मात्र बिनबोभाट चालतो. अपघात झाला म्हणजे सही करणारा अदृश्य होतो आणि राबणारा चौकीवर बसतो. ही कसली सुरक्षितता?

2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने पूर्वानुभवाची चाचणी घेऊन दाखला देण्याचे तत्त्व मान्य केले. तेच तत्त्व परवान्याला लावण्यास सरकारची हरकत काय? चाचणी कठोर असावी, पण ती कोंकणी-मराठीत, प्रत्यक्ष जोडणीच्या फलकापुढे घ्यावी. आणि भाड्याने दिलेली सही सापडताच तो परवाना रद्द करावा.