ताई, तुला तिथं कुणी जात विचारली का?

विद्यापीठाच्या खो-खो संघात माझी निवड झाली तेव्हा आमच्या वस्तीत फ्लेक्स लागला होता. वर बाबासाहेब, खाली मी, अंगात विद्यापीठाचा कलरकोट आणि शेजारी लाल अक्षरांत 'वस्तीची शान'. कोट एका सिनियर मुलीकडून फोटोपुरता मागून आणलेला होता. फ्लेक्सवर ते दिसत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात झेडपीच्या शाळेमागच्या मैदानावर मी पोरींना शिकवू लागले. खांबावरून वळायचं कसं, खो मिळाल्यावर उठताना पाय कुठे टाकायचा. पाणी पिता पिता एक सातवीतली पोर म्हणाली, "ताई, तुला तिथं कुणी जात विचारली का?"

मी लगेच म्हणाले, "नाही गं. मैदानावर जात नसते."

मी खोटं बोलले. सराव शिबिराच्या पहिल्याच रात्री मला आडनाव विचारलं गेलं. आडनावावरून अंदाज लागेना, म्हणून गाव विचारलं. मग गावात घर कोणत्या बाजूला, ते विचारलं. दुसऱ्या दिवशी शेजारची गादी हातभर सरकली आणि लोणच्याची बरणी माझ्यापर्यंत यायची थांबली. त्या मोसमात संघात सगळ्यात जास्त गडी मी बाद केले होते. कर्णधारपदाचा विषय निघाला तेव्हा मात्र मला सांगण्यात आलं, "त्याला स्वभाव लागतो." यातलं काहीच मी घरी सांगितलं नाही. वस्तीनं वर्गणी काढून बूट घेऊन दिले होते, त्यांना काय सांगणार?

घरातले पहिले पदवीधर असलेल्या आपल्यासारख्यांना हे ओळखीचं असेल. आपण शिकून, खेळून पुढे गेलो की आपल्याला आदर्श केलं जातं. आणि आदर्शानं हसतमुख असावं, तक्रार करू नये, 'मेहनत केली की सगळं मिळतं' एवढंच बोलावं, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा फक्त बाहेरच्यांची असते असंही नाही. आपल्या माणसांनाही आपली जिंकलेलीच गोष्ट ऐकायची असते. त्यांचं तरी काय चुकलं?

पण आपला इतिहास अर्धा सांगितला की तो आपल्याच पोरांच्या अंगावर येतो. पळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, हे सांगायलाच हवं. त्याच बाळूंना पुण्यात सामन्याच्या वेळी चहा पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या भांड्यात मिळत असे आणि हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही भावंडांनी संघाबाहेर राहून निषेध केल्यानंतर. वंदना कटारियानं टोकियोत ऑलिंपिकची हॅटट्रिक केली आणि काही दिवसांतच उपांत्य फेरीतल्या पराभवानंतर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. हे 2021 मध्ये घडलं. मैदानावर जात नसते म्हणे.

मला द्युती चंद आवडते ती यासाठी. ओडिशातल्या विणकर घरातली ही मुलगी भुवनेश्वरच्या विद्यापीठाकडून खेळत 2019 मध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत 100 मीटरचं सुवर्ण जिंकली. पण त्याच्या पाच वर्षं आधी तिला शरीरातल्या हार्मोनचं कारण देऊन बाहेर बसवलं होतं. ती गप्प राहिली नाही, क्रीडा लवादापर्यंत गेली आणि 2015 मध्ये तो नियम स्थगित करवून घेतला. धाकट्या पोरींना तिचा वेग शिकवता येणार नाही. कागद हातात घेऊन दाद कशी मागायची, हे शिकवता येईल.

आणि कागदाचंच तर सगळं आहे! विद्यापीठापर्यंत पोचलेल्या खेळाडूनं मागच्यांना काय द्यावं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, भाषण देऊ नका, फाइल द्या. पात्रता फॉर्म कधी भरायचा, वयाची अट काय, प्रवासभत्ता कुणाकडे मागायचा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते, हे आमच्या तालुक्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे? भेदभावाच्या तक्रारीसाठी उच्च शिक्षण संस्थेत अधिकारी नेमायचा नियम यूजीसीनं 2012 मध्येच केला होता. मी तीन वर्षं विद्यापीठाकडून खेळले, मला तो कुणी सांगितला नाही. (आमच्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाचं नाव 'अश्वमेध' आहे. त्यावर वेगळा लेख होईल.)

ती पोर आता नववीत आहे, शाळेच्या संघात खेळते. परवा सरावानंतर तिला बसवलं आणि गादी, बरणी, कर्णधारपद सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हिरमुसेल.

"मग तू भांडली का नाहीस?"

"भीती वाटली. संघातून काढतील म्हणून."

"मी भांडेन."

"भांड. पण आधी लेखी अर्ज द्यायचा. आणि झेरॉक्सवर पोच घ्यायची."

"पोच म्हणजे?"

मी तिच्याच वहीचं पान उलटलं आणि अर्जाचा नमुना लिहायला घेतला.