सव्वा महिना संपल्यावर

आपल्याकडे बाईच्या खाण्याकडे घर मनापासून लक्ष देतं ते आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. बाळंतपणात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भाकरीवर तुपाची धार, जेवणानंतर बाळंतशोपा. आई किंवा सासू समोर बसून 'अजून घे' म्हणते, दुपारी झोपायला लावते, 'उठू नकोस' म्हणून रागावते. सव्वा महिना झाला की हे सगळं गुंडाळलं जातं. मग तीच बाई ओट्याशी उभी राहते, आणि घरात शेवटी वाढलं जाणारं ताट तिचं होतं.

आईच्या आरोग्याचा विषय निघाला की व्यायामापासून सुरुवात करायची पद्धत आहे. मी या ताटापासून करते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात रात्री साडेआठला डोकावून बघा. तव्यावरची पहिली भाकरी फुगते ती सासऱ्यांच्या ताटात जाते, दुसरी मुलाच्या, तिसरी नवऱ्याच्या. 'बसा की वहिनी तुम्ही पण,' असं पाहुणा म्हणतो. 'बसते की, एवढ्या दोन भाकरी होऊ देत,' असं वहिनी म्हणतात. दोनाच्या चार होतात. त्या बसतात तेव्हा भरल्या वांग्यातली वांगी संपून रस्सा उरलेला असतो, मेथीची भाजी चमचाभर. वर धाकट्याने ताटात टाकलेलं वाया जाऊ नये म्हणून तेही पोटात. सकाळी तर बसणंच नाही. डबे भरून झाले की उभ्याउभ्या अर्धी पोळी आणि तिच्यावर चहा.

याचा हिशोब कुठे निघतो? 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्क्यांहून जास्त जणींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्याआधीच्या फेरीत तो आकडा 48 टक्के होता. त्याच घरांतल्या पुरुषांत हे प्रमाण जेमतेम 22 टक्क्यांच्या आसपास. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच, पण ताटाचा वाटा नाकारता येत नाही. त्यात जेवणाला चिकटून घेतलेला चहा. चहातल्या टॅनिनमुळे पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह नीट अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. उलट भाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. सांगली गणपतीची, त्यामुळे संकष्टी घरोघरी. चंद्रोदयाची वाट बघत दिवसभर चहाचे कपावर कप रिचवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, माझंच घरात कोणी ऐकत नाही. पण त्या दिवशी दाण्याचा लाडू, खजूर, ताक यांना गणपतीची ना नसावी.

तर पहिली सवय ही, की सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. हिला पैसा लागत नाही, चटई लागत नाही, ॲप लागत नाही, आणि तरी करायला सगळ्यात अवघड हीच. कारण ती तिची एकटीची सवय नाहीच, अख्ख्या घराला लावून घ्यावी लागते.

मासिकांतून आणि मोबाइलवरून आईला जो सल्ला मिळतो तो मात्र एकटीने करायचा असतो. पहाटे पाचला उठा, स्वतःसाठी एक तास काढा. कुठून काढायचा? 2024 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात घालवतात असं आढळलं, पुरुष 88 मिनिटं. हे 88 सुद्धा फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचे. न लावणारे सरासरीत धरलेलेच नाहीत. ज्या बाईच्या दिवसातले पावणेपाच तास असे आधीच गेले, तिने पाचला उठायचं म्हणजे झोपेतून एक तास कापायचा. रात्री विरजण लावून, मटकी भिजत घालून अकराला पाठ टेकणाऱ्या बाईला हा सल्ला देणाऱ्याने आधी एक आठवडा तिच्या घरी राहून बघावं.

दहा हजार पावलांचंही तसंच. हा आकडा वैद्यकाच्या पुस्तकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 च्या सुमाराला, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. तिथून तो आकडा जगभर पसरला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे 4,400 पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 2,700 चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 मध्ये सलग दहा मिनिटं चाललं तरच व्यायाम मोजायचा ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला दीडशे मिनिटं हवीत, पण ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालतील.

आणि तुकडे विश्रामबागेत आहेत. विलिंग्डन 1919 चं, वालचंद 1947 चं. या दोन कॉलेजांच्या आसऱ्याने हा भाग शिकण्या-शिकवण्याचा झाला आणि त्यांच्या मागून गल्लोगल्ली क्लास आले. संध्याकाळी एखाद्या क्लासपुढे उभं राहून बघा. स्कूटीवर बसलेल्या आयांची रांगच्या रांग, मान मोबाइलमध्ये. पोरगं आत गणितं सोडवतंय तो तासभर घरी जाऊन परत येण्यात अर्थ नाही, पेट्रोल जळतं, म्हणून बसून राहायचं. हा तास कुणी दिलेला नाही, पण कुणी मागणारही नाही. शेजारच्या स्कूटीवरच्या वहिनींना उठवायचं आणि दोघींनी गप्पा मारत शंभर फुटी रोडच्या आतल्या गल्ल्यांतून अर्धा तास फिरून यायचं. साडी असो, ड्रेस असो, फक्त पायात चपलांऐवजी बूट हवेत. लोक बघतात हे खरं. आठ दिवसांनी बघायचे थांबतात.

स्नायूंनाही आठवड्यातून दोनदा ताण हवा असतो. त्यासाठी कुकर लावला की ओट्याला धरून टाचा उचलायच्या, खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा काढायच्या. शिट्ट्या मोजतोच आपण, त्यात आणखी एक मोजणी. हे हसण्यासारखं वाटेल, पण सवय लागते ती अशीच, आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर याचा अभ्यास केला, तो 2010 मध्ये छापून आला. नाश्त्यानंतर, जेवणाआधी अशा ठरलेल्या वेळेला एखादी साधी कृती जोडायची. ती आपसूक व्हायला कुणाला 18 दिवस लागले, कुणाच्या बाबतीत हिशोब 254 दिवसांवर गेला, मधला आकडा 66. एकवीस दिवसांची जी गोष्ट सांगतात ती तिथे दिसली नाही. मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त कामाची वाटते. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आईच्या घरात चुकणारे दिवस ठरलेलेच. मुलाचा ताप, नणंदेचं येणं, दिवाळीचा फराळ. चुकला दिवस तर चुकला, दुसऱ्या दिवशी कुकर लागणारच आहे.

एक गोष्ट मात्र चालून आणि लिंबू पिळून कळणार नाही, ती रक्तात काय चाललंय ही. शेजारचं मिरज दवाखान्यांचं गाव. वानलेस डॉक्टरांनी तिथे 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातून माणसं रेल्वेने येऊन उपचार घेऊन जातात. आपण तिथून हाकेच्या अंतरावर, आणि सासूबाईंची शुगर, नवऱ्याचं कोलेस्टेरॉल, मुलाचे दात या सगळ्यांच्या तारखा पाठ असलेल्या बाईला स्वतःचं हिमोग्लोबिन विचारा. राज्य सरकारने 2022 च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढून अठरा वर्षांवरच्या स्त्रियांच्या तपासण्या केल्या, ते चांगलंच झालं. मोहीम संपते, पाळी चालू राहते. वर्षातून एकदा, सासूबाईंचं रक्त काढायला माणूस घरी येतो त्याच दिवशी, आपलाही हात पुढे करावा. हिमोग्लोबिनचा आकडा 12 च्या खाली आला तर डॉक्टरांना दाखवून गोळ्या सुरू कराव्यात. नुसत्या बीट-गुळावर भिस्त ठेवू नये.

राहता राहिला रात्रीच्या गरम भाकरीचा प्रश्न, कारण सगळं अडतं ते तिथेच. थापायला नवऱ्याला शिकवता आलं तर उत्तम, पहिले नकाशे सगळ्यांनी गोड मानून खावेत. नाही जमलं तर सगळ्या भाकऱ्या आधी करून कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात आणि गॅस बंद करून पाटावर बसावं. डब्यातली भाकरी खाऊन कुणाचे सासरे आजारी पडल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही.