थोरलेपणाचा तोरा आणि सात दशांश सेकंद

देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. थोरलेपणाचा तोरा मात्र विलीन झाला नाही. तो आता मोटारींत शिरला आहे. इंजिनाची शक्ती पुढच्या दोनच चाकांना देणारी, तुलनेने स्वस्त स्पोर्ट्‌स कूपे ही धाकटी. चारही चाकांना देणारी महागडी गाडी ही थोरली. धारपासून देवासपर्यंतची हौशी तरुण मंडळी पहिलीला खेळणे म्हणतात आणि दुसरीसाठी कर्ज काढावयास सिद्ध होतात. हा अभिनिवेश आम्हांस मान्य नाही.

ऑडी टीटीचेच उदाहरण घेऊ. तिच्या तिसऱ्या पिढीत युरोपात २३० अश्वशक्तीचे एकच इंजिन दोन्ही प्रकारांत मिळत असे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठावयास पुढच्या चाकांवर चालणारीला ६ सेकंद लागत, चारही चाकांच्या 'क्वाट्रो'ला ५.३. अंतर सात दशांश सेकंदांचे! तेही सर्वस्वी चार चाकांचे श्रेय नव्हे. क्वाट्रोचे गिअर आपोआप बदलत, दुसरीचे हाताने. आपल्या देशात २०१५ साली ही गाडी आली ती मात्र केवळ क्वाट्रो रूपात, सुमारे साठ लाखांस. धाकटीची निवड आपल्यापुढे ठेवलीच गेली नाही.

'पण सुरक्षितता?' असे कोणी विचारील. येथेच खरा गैरसमज आहे. चारही चाकांना शक्ती दिल्याने निसरड्यावर गाडी सुटते चांगली. थांबते मात्र पूर्वीइतकीच. ब्रेक सर्वच गाड्यांच्या चारही चाकांना असतात आणि अखेर भिस्त टायरच्या पकडीवर. इंदूरहून खलघाटाकडे जाताना धार जिल्ह्यातला गणेश घाट लागतो. उतारावरील अपघातांसाठी तो वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध आहे. तेथे प्रश्न वेग घेण्याचा नसून आवरण्याचा असतो. जो चालक यंत्राच्या भरवशावर अधिक वेगाने वळणात शिरतो, त्याला ते यंत्र वाचवीत नाही.

थोरलीचे गुण आम्ही नाकारीत नाही. शक्ती फार झाली की पुढची चाके स्टिअरिंग हातातून ओढू लागतात, हे खरे. १९८० साली अवतरलेल्या ऑडी क्वाट्रोने रॅलीच्या शर्यतींचे रूपच पालटले, हेही खरे. परंतु त्याआधी १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची बर्फाळ रॅली जिंकली ती चिमुकल्या मिनी कूपरने, पुढच्या दोन चाकांवर! पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत चार चाकांचा उपयोग होईल, असे म्हणावे तर तेथे कूपेचे बुटके पोट आधी रुतेल.

आपल्याकडे स्वस्त हौसेचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. गोव्यात बांधलेली, रेनोच्या लहान इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी दोन आसनांची 'सॅन स्टॉर्म' आली आणि आपण तिच्याकडे फारसे वळूनही पाहिले नाही. हौस हवी, पण ती दुसऱ्यांना दिसावी एवढ्यासाठी, हा आपला खरा रोग आहे.

वेगाला जागा हवी, हे आम्हांस पटते. धार जिल्ह्यातच, पीथमपूरला, ११.३ किलोमीटरचा द्रुतगती चाचणी मार्ग २०२१ पासून आहे. त्या कुंपणाआड सात दशांश सेकंदांना अर्थ आहे. कुंपणाबाहेर शाळेतून परतणारी मुले आहेत, गुरे आहेत, दिव्याविना चाललेली ट्रॉली आहे. तेथे वाचवलेले सात दशांश सेकंद घेऊन आपण नेमके कोठे पोहोचणार आहोत, याचे उत्तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी द्यावे.