बुजऱ्यांना वाली कोण?

माणसाने बुजरे असू नये, असा हल्ली एक कायदाच झालेला दिसतो. कुठे छापलेला नाही, पण आमच्या चौकातल्या विजेच्या खांबावर त्याची जाहिरात आहे : 'पंधरा दिवसांत सभाधीट व्हा!' फी किती ते मात्र लिहिलेलं नाही. ती विचारण्याइतका धीटपणा ज्याच्यात आहे तो तिथे जाईल कशाला, हा हिशेब माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बँकेच्या कारकुनाला काही सुटत नाही.

आमच्या आळीतला एक मुलगा हा कोर्स करून आला. आल्या आल्या त्याने माझ्या डोळ्यांत डोळे घातले, हात कचकचून दाबला, 'कसे आहात?' विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत निघूनही गेला. आरशासमोर सराव केला होता म्हणे. आरशाचं एक बरं असतं, तो उत्तर देत नाही.

माझं म्हणणं असं, की बुजरेपणा हे घशाचं दुखणं नव्हेच. काय बोलायचं आणि कुणासाठी, हे ठरलं की आवाज फुटतो. गांधीजींचंच बघा. लंडनला शिकत असताना त्यांनीही वक्तृत्वाचे धडे लावले होते. दोन-तीन झाले आणि सोडून दिले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले, मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात ३० रुपये फीची पहिली केस मिळाली. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं. मटकन खाली बसले. शेवटी दुसरा वकील ५१ रुपयांना करावा लागला. (क्लासवाले ही फरकाची २१ रुपयांची रक्कम कधी सांगत नाहीत.) आणि हेच गृहस्थ १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे उभे राहिले आणि धंद्यातल्या खरेपणावर चक्क भाषण करून मोकळे झाले! मधे कुठला कोर्स नव्हता. पोटात सांगण्यासारखं काही होतं, एवढंच.

पण माझं खरं भांडण आहे ते धीटांशी. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्याची रांग. फॅमिली पेन्शनवाल्या एक आजी काउंटरशी येतात, "अहो, ते जरा..." म्हणतात, तोच मागून एक कोपर येतं. "साहेब, एकच मिनिट हं!" बँकेतलं सर्वांत लांब मिनिट ते हेच. आजी बाजूला होतात आणि घरी जातात. दाखला नाही पोचला तर पेन्शन अडकते. कोपरवाल्याचं काय जातं?

तिसऱ्या दिवशी मी कोपराला थांबवलं, आजींचं पासबुक हातात घेतलं आणि गप्प बसून राहिलो. अर्ध्या मिनिटाने त्या हळूच म्हणाल्या, "हात थरथरतो हो. सही जुळत नाही. अंगठा चालेल का?"

चालतो की! एवढ्यासाठी तीन हेलपाटे!

तेव्हा क्लास काढायचेच असतील तर या कोपरवाल्यांसाठी काढा. समोरचा बोलत असताना मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे, हाच सगळा अभ्यासक्रम. कॅशियरला तेवढा प्रवेश देऊ नका. तो मोजायला लागला की थांबत नाही.

आजींना मी म्हटलं, काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून आणत जा. पुढच्या खेपेला त्यांनी चिठ्ठी बघून नॉमिनीचं विचारलं. त्यापुढच्या खेपेला चिठ्ठी नव्हती. भर रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी मला विचारलं, "काय हो, हा पंखा तुमच्याकडेच तोंड करून का असतो?"