मेलेले उंदीर मोजणार कोण?

उंदीर नियंत्रण मोहिमेच्या अहवालात 'मारलेल्या उंदरांची संख्या' हा रकाना भरायचा कसा, अशी विचारणा करणारी पत्रे या महिन्यात आली आहेत. पुड्यांतले झिंक फॉस्फाइड हे विष खाल्लेला उंदीर बहुधा बिळातच मरतो. 'पुड्यांवरून अंदाज टाका', असा तोंडी सल्ला वरून मिळाल्याचे एका कृषी सहायकाने कळवले आहे.

या हिशेबाला पूर्वपीठिका आहे. मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले कसे, असा प्रश्न आमदार एकनाथ खडसे यांनी २०१८ मध्ये विधानसभेत केला होता. तो आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा, असा खुलासा सरकारने केला. प्रकरण हसण्यावारी गेले. रकाना शिल्लक आहे.

मोजायची ती जिवंत बिळे, आमिषाआधी आणि नंतर. संध्याकाळी तोंडे बुजवा, सकाळी उघडलेली मोजा. पण सरसकट तेही चालत नाही. टाटेरा इंडिका या प्रजातीच्या बिळांची तोंडे उघडी असतात, तिथे ही रीत ठीक. बँडिकोटा बेंगालेन्सिस मात्र स्वतःच आतून माती लोटून तोंड बंद करतो. तिथे ताज्या मातीचा ढीग पाहावा लागतो. मिलार्डिया मेल्टाडा काळ्या रानातल्या भेगांत राहतो. भेगा कोण बुजवणार? तिथे सापळेच लावावे लागतात. अहवालात या तिघांसाठी एकच शब्द आहे: 'उंदीर'.

पुड्या आल्या त्याच दिवशी विषारी आमिष टाकणारे आपल्यातही कमी नाहीत. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून तो नवे खाणे आधी चाखून पाहतो. झिंक फॉस्फाइडचा त्रास काही तासांतच होतो, आणि वाचलेला उंदीर ती चव पुढे टाळतो. दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष टाकायचे ते यासाठीच. उरलेल्यांसाठी पुन्हा तेच विष नको, ब्रोमॅडिओलोन हवे. त्याचा परिणाम काही दिवसांनी होत असल्याने उंदराला खाण्याचा संशय येत नाही.

कोकणातल्या बागायतदारांना तर बांधावरच्या पुड्यांचा उपयोगच नाही. नारळ पोखरणारा उंदीर शेंड्यात राहतो; ब्रोमॅडिओलोनच्या वड्या पाच माडांपैकी एकाच्या शेंड्यात, बारा दिवसांच्या अंतराने दोनदा ठेवाव्या लागतात.

वाचकांनी आता रकान्याची वाट पाहू नये. आपापल्या शिवारातली प्रजातीनिहाय जिवंत बिळे, आमिषाआधीची आणि नंतरची, पीक व तारखेसह आमच्याकडे पाठवावीत. पुड्यांचे आकडे पाठवू नयेत.