एकाच कामाचे दोनदा पैसे

होळी जवळ आली की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बँडवाल्यांची धावपळ सुरू होते. पुढे आखाजीपासून पावसापर्यंत लग्नंच लग्नं. त्याच सुमारास एका संध्याकाळी माझा जुना विद्यार्थी घरी आला. मी त्याला तीन वर्षं मराठी शिकवलं. वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, मुलगा लॅपटॉपवर गाणी बनवतो, अहिराणी आणि टिमलीची.

“सर, वर्कस्टेशन घेतोय. लाखाच्या आसपास आहे, हप्त्यावर. अब्बा नाही म्हणतात. तुम्ही त्यांना समजवा.”

मी म्हटलं, “आधी मला समजव. घरात लॅपटॉप आहे, त्यात सॉफ्टवेअर आहे. मग हे कशाला?”

त्याने तीन कारणं सांगितली. माउसने सूर मांडून मजा येत नाही, हाताला कळा लागतात. वरातीत लॅपटॉप ठेवायचा कुठे? आणि या मशीनमध्ये सोळा ट्रॅकचा सिक्वेन्सर आहे, अख्खं गाणं आतच तयार होतं. पहिली दोन कारणं मला पटली, तिसरं पटलं नाही. हा लेख त्या तिसऱ्या कारणाबद्दल आहे, कारण आपल्याकडची बरीच मुलं नेमक्या त्याच ठिकाणी पैसे घालवतात.

आमच्याकडे कळा असलेल्या प्रत्येक विजेच्या वाद्याला ‘कॅसिओ’च म्हणतात, मग ते खेळणं असो की लाखाचं मशीन. वर्कस्टेशन म्हणजे तीन वस्तू एका पेटीत: कळा, वेगवेगळ्या वाद्यांचे साठवलेले आवाज, आणि वाजवलेलं लक्षात ठेवून एकावर एक रचणारा सिक्वेन्सर. १९८८ मध्ये कॉर्ग कंपनीचं एम-वन आलं, त्यात आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर होता आणि एका वेळी सोळा सूर वाजत. तेव्हा एका माणसाने एका पेटीवर अख्खं गाणं उभं करणं ही फार मोठी गोष्ट होती, कारण गाणं रेकॉर्ड करू शकणारा घरगुती संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता.

आज ते काम साधा लॅपटॉप करतो, आणि चांगलं करतो. मोठ्या पडद्यावर सगळे ट्रॅक समोर दिसतात, चुकलेला सूर बोटाने उचलून जागेवर ठेवता येतो. मशीनच्या वीतभर पडद्यावर तेच काम करताना डोळे दुखतात. म्हणून माझं मत साधं आहे. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याने सिक्वेन्सरसाठी पैसे मोजू नयेत. एकाच कामाचे दोनदा पैसे होतात. मशीन घ्यायचं ते हातासाठी आणि वरातीसाठी. आठवण ठेवण्याचं काम लॅपटॉपवर सोडा.

दोघांची सांगड मिडी घालते. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलावीत म्हणून ही भाषा ठरली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कुठली कळ, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. जोर ० ते १२७ अशा आकड्यांत मोजतात. मी मुलांना सांगतो, मिडी म्हणजे श्रुतलेखन. शिक्षक शब्द सांगतो, अक्षर ज्याचं त्याचं. म्हणजे मशीनवर वाजवलेलं लॅपटॉपमधल्या बासरीच्या आवाजात ऐकता येतं, आणि लॅपटॉपमध्ये लिहिलेलं मशीनच्या आवाजात वाजवता येतं.

मग घेताना काय पाहायचं? कागद-पेन काढून आम्ही यादी केली.

पहिलं, जोडणी. यूएसबीमधून फक्त मिडी जातं की आवाजही जातो, हे दुकानदाराला विचारा. आवाजही जात असेल तर रेकॉर्डिंगसाठी वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागत नाही. जुनं मशीन घेताना मागे मिडीची पाच टोकांची गोल जागा आहे की नाही ते बघा. जुन्या मशीनचा यूएसबी ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही, पण पाच टोकांची मिडी तीस वर्षांनीही चालते.

दुसरं, उशीर. लॅपटॉपमधला आवाज हाताने वाजवताना कळ दाबणं आणि आवाज येणं यात किंचित अंतर पडतं. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगावर बफर २५६ ठेवला तर त्याचे साधारण सहा मिलिसेकंद होतात, १०२४ ठेवला तर तेवीस. प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच. तेवीसला ढोलकीचा ठेका हातातून निसटतो. मशीनचा स्वतःचा आवाज मात्र लगेच येतो. लॅपटॉप असूनही मशीन का लागतं, याचं हे खरं उत्तर.

तिसरं, वजन आणि वीज. धडगावच्या घाटात वरात निघाली की जनरेटर कधी बंद पडेल सांगता येत नाही. रोलंडच्या जुनो-डीएसचं ६१ कळांचं मॉडेल साधारण सव्वापाच किलोचं आहे, ते रिचार्ज होणाऱ्या आठ पेन्सिल सेलवरही चालतं आणि त्यात बाहेरचा आवाज भरता येतो. ही जाहिरात नाही, कुठल्या गोष्टी शोधायच्या याचा नमुना आहे. त्याच कंपनीच्या एक्सपीएस-१० मध्ये भारतीय वाद्यांचे आवाज आहेत, म्हणून आपल्याकडे ते चालतं.

चौथं, पिच बेंड, म्हणजे डावीकडची सूर वाकवणारी दांडी किंवा चाक. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर बंदी घातली, कारण तिच्यात मींड निघत नाही. ही बंदी १९७१ पर्यंत कडक राहिली. कळांच्या वाद्याचं ते दुखणं अजून आहे. शहनाई किंवा बीन वाजवायची तर डावा हात त्या दांडीवर बसलाच पाहिजे. तो रियाजाने बसतो, हप्ते भरून बसत नाही.

यादी झाल्यावर मी त्याच्या अब्बांना भेटलो. त्यांची अडचण पैशाइतकीच दुसरीही होती. “सर, ट्रॉलीवर आम्ही आठ माणसं होतो. आता एक कॅसिओ, एक ऑक्टोपॅड आणि मोठे स्पीकर. बाकीचे कुठे गेले?”

याला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. ही गोष्ट आजची नाही. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन देशातल्या प्रत्येक वरातीत वाजते, पण ती खऱ्या बिनीवर वाजलेलीच नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइन या विजेच्या कळवाद्यावर वाजवली, जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी तीन जपानी मशीनवर दहा राग वाजवून अख्खी तबकडी काढली. तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही, पंचवीसेक वर्षांनी जगभरच्या लोकांनी ती शोधून काढली. मशीन थांबत नाही. पण मशीनमध्ये कोणाचा आवाज भरला जातो, हे ठरवणं अजून आपल्या हातात आहे.

कंपनीच्या मशीनमध्ये तबला मिळतो, ढोलक मिळतं, सतार मिळते. सातपुड्यातली पावरी मिळत नाही, होळीचा मोठा ढोल मिळत नाही, आणि या माणसाची क्लॅरिनेट तर नाहीच. म्हणून टिमलीची इतकी गाणी एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. सगळे त्याच कारखान्यातले सूर वापरतात. मी मुलाला म्हटलं, “वाचलेल्या पैशात एक चांगला माइक घे. आधी अब्बांचा एकेक सूर रेकॉर्ड कर, मग डोंगरात जाऊन पावरीवाल्याचा. पण त्याला विचारून, त्याला मोबदला देऊन, गाण्याखाली त्याचं नाव लिहून. नाहीतर तो चोरीचाच माल.”

चोरीवरून सॉफ्टवेअरचंही बोललो. त्याच्या लॅपटॉपमधलं एफएल स्टुडिओ कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेलं. “सगळेच वापरतात सर.” सगळे करतात म्हणून कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्याला मी मार्क देत नाही, हे त्याला माहीत आहे. एफएल एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं. एलएमएमएस तर मोफतच आहे. उद्या त्याचं गाणं दुसऱ्याने चोरलं तर त्याने कुठल्या तोंडाने तक्रार करायची?

राहिला हप्ता. व्याजाबद्दल आपल्या घरांत काय मानतात ते वाचकांना सांगायला नको. ज्यांना तो प्रश्न पडत नाही त्यांनीही हिशोब करावा. लग्नाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा. पावसाळ्यात सुपारी येत नाही, हप्ता येतोच.

शेवटी ठरलं ते असं. नवं लाखाचं मशीन नको. सुरतेला जाऊन जुनं, हलकं, दोन्ही जोडण्या असलेलं मशीन घ्यायचं, रोख. प्रत्येक कळ वाजवून बघायची, दांडी सोडल्यावर सूर मूळ जागी येतो का ते पाहायचं, लॅपटॉप सोबत नेऊन तिथेच जोडायचं. अब्बा म्हणाले, “मीही येतो. सूर बरोबर आहे की नाही ते मला कळतं.”

मुलाला सेटिंग कळतं, बापाला सूर कळतो. दुकानात दोघांनीही जायला हवं.