इन्सुलिन थांबता कामा नये

करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० साली, ‘इस्पॅड’ या बालमधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने डॉक्टरांसाठी आणि पालकांसाठी थोडक्यात सूचना काढल्या. इन्सुलिन कधीही बंद करू नका, साखर वारंवार तपासा, कीटोनवर लक्ष ठेवा, पाणी कमी पडू देऊ नका. आजारपणातले हे जुनेच नियम. पण बाह्यरुग्ण विभाग बंद, सहकारी करोना वॉर्डात आणि फोनवर घाबरलेले पालक, अशा वेळी एकट्या पडलेल्या डॉक्टरला ज्येष्ठांचा एकमुखी शब्द फार मोठा आधार असतो. तो संघटनेनेच द्यायचा असतो.

संसर्गाच्या भीतीने घरीच राहिलेली कित्येक मधुमेही मुले अनेक देशांत कीटोअ‍ॅसिडोसिसच्या, म्हणजे इन्सुलिनअभावी कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याच्या, गंभीर अवस्थेत रुग्णालयात पोहोचली. त्यांना विषाणूपेक्षा उशीर भोवला. भारतात २५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि फोनवरच्या सल्ल्याला अधिकृत चौकट मिळाली. मात्र फोनवरून सल्ला देता येतो, इन्सुलिनची कुपी नाही. टाइप-१ मधुमेहाच्या मुलांसाठी इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्यांचा राखीव साठा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असलाच पाहिजे. सरकारने त्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहू नये.